कानानं वाचलेलं पुस्तक



आमच्या घरातल्या दिवाणात गाद्या-रजया ठेवायला जागा नाही. पाहुणे आले की शेजारून चादरी मागून आणाव्या लागतात. कारण त्या दिवाणात पुस्तकं भरलेली आहेत. आणि गंमत अशी, की ती सगळी पुस्तकं एकाच नावाची आहेत आणि त्यांची लेखिका मी आहे!

स्वखर्चानं पुस्तक काढणाऱ्या बहुतेक लेखकांच्या घरी असा एखादा दिवाण, माळा किंवा पलंगाखालची पेटी असतेच. शाळेतून निवृत्त झाल्यावर २०१६ साली मी माझ्या आजोळावर एक पुस्तक लिहिलं. माझं आजोळ कोयनेच्या खोऱ्यात होतं. ‘होतं’ असं म्हणते, कारण धरणाच्या शिवसागर जलाशयात ते बुडालं. माझी आजी, आई, मावशी यांच्या तोंडून ऐकलेलं ते गाव मी लिहून काढलं. भविष्यनिर्वाह निधीतले थोडे पैसे घातले आणि पाचशे प्रती छापल्या. प्रकाशन समारंभ झाला, पेढे वाटले, नातेवाइकांनी प्रती नेल्या. त्यातले किती जण पहिल्या पानाच्या पुढं गेले, हे विचारायचं धाडस मी केलं नाही. पाच वर्षांनी मोजल्या तेव्हा दोनशे सत्तर प्रती दिवाणात होत्या.

२०२१ साली, टाळेबंदीच्या दुसऱ्या फेरीत, माझा पुतण्या आमच्याकडे अडकला होता. घरून काम करायचा आणि भांडी घासताना कानात काहीतरी घालून बसायचा. मला वाटलं, गाणी ऐकतोय. विचारलं तर म्हणाला, ‘‘आत्या, कादंबरी ऐकतोय.’’ मग थोड्या वेळानं दिवाणाकडं बघत म्हणाला, ‘‘तुझं पुस्तक लोक वाचत नाहीत ना? मग त्यांना ऐकव.’’

खरं सांगायचं तर मला राग आला. मी आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवलं. वाचायचा कंटाळा आला म्हणून ऐकायचं, हा मला आळसाचा नवा प्रकार वाटला. आज मी तुमच्यासमोर बोलायला आले आहे ती माझं हे मत कसं बदललं, आणि किती बदललं नाही, ते सांगण्यासाठी.

राग शांत झाल्यावर पहिली आठवण झाली ती श्रावणातल्या पोथीची. आमच्या घरी पोथी लागायची. वाचणारा एक आणि ऐकणारे वीस. त्या विसांतल्या पंधरा जणांना अक्षरओळख नव्हती. म्हणून त्यांना पोथी कमी कळत होती, असं म्हणायची माझी हिंमत नाही. एखादी ओवी वाचताना आजोबा अडखळले, तर स्वयंपाकघरातून आजी ती पुरी करायची. ज्ञानेश्वरी आपण ग्रंथ म्हणून पूजतो. पण परंपरा सांगते, की ज्ञानेश्वरांनी ती नेवाशाला सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ तर आपण सगळ्यांनी वाचली आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ती लिहिली. त्या पुस्तकातल्या प्रकरणांना प्रकरणं म्हटलेलंच नाही. पहिली रात्र, दुसरी रात्र असं म्हटलं आहे. कारण श्याम ती गोष्ट आपल्या सोबत्यांना रोज रात्री सांगतो आहे. म्हणजे आपली सगळ्यात लाडकी वाचायची पुस्तकं मुळात ऐकायचीच होती.

आणि आपण आकाशवाणीचे श्रोते! आपल्याला हे नव्यानं काय सांगायचं? १९५५ साली पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं आणि वर्षभर, आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीतं लोकांनी ऐकली. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगावी कथाकथनाचे कार्यक्रम केले. त्या मांडवांत बसलेल्या कितीतरी लोकांनी त्यांची पुस्तकं आधी कानांनी वाचली आणि मग विकत घेतली. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या कॅसेट तर एस.टी.च्या लांबच्या प्रवासात, लग्नाच्या वऱ्हाडात वाजत असत. त्या वेळी कुणी विचारलं नाही, की हे वाचन आहे की नाही.

जगाच्या पाठीवरही ही कल्पना जुनी आहे. एडिसननं १८७७ साली फोनोग्राफ तयार केला आणि दुसऱ्याच वर्षी त्या यंत्राच्या उपयोगांची एक यादी प्रसिद्ध केली. त्या यादीत, अंधांना श्रमाविना ऐकता येतील अशी बोलकी पुस्तकं, हा एक उपयोग होता. तो प्रत्यक्षात यायला पन्नासांहून जास्त वर्षं गेली. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले अनेक सैनिक ब्रिटनमध्ये होते. मोठ्या वयात त्यांना बोटांनी ब्रेल शिकणं जमेना. त्या वेळची साधी तबकडी एका बाजूला चार-पाच मिनिटं वाजायची. तेवढ्यात कादंबरीतला माणूस दार उघडून आतही यायचा नाही. मग हळू फिरणाऱ्या, एका बाजूला साधारण पंचवीस मिनिटं वाजणाऱ्या तबकड्या तयार केल्या आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये तिथं बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय सुरू झालं. पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती. अमेरिकेत अशी सेवा वर्षभर आधी, १९३४ मध्ये, सुरू झाली होती. तेव्हा ज्याला आज आपण ‘ऑडिओबुक’ म्हणतो ती वस्तू आळशी माणसासाठी जन्मलेली नाही. ज्याला वाचायची इच्छा आहे आणि डोळे नाहीत, त्याच्यासाठी ती जन्मली.

आपल्याकडं या बाबतीत अभिमान वाटावा अशी एक गोष्ट घडली आहे. दृष्टिहीनांना वापरता येईल अशा रूपात पुस्तक तयार करायला आपल्या कॉपीराइट कायद्यानं २०१२ च्या दुरुस्तीत मुभा दिली. पुढच्या वर्षी याच विषयावर मोरोक्कोतल्या माराकेश शहरात आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ साली त्याला सर्वांत आधी मंजुरी देणारा देश भारत होता. २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे दृष्टिहीनांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. आपल्या ओळखीत असा कुणी असेल तर त्याला याची माहिती जरूर द्या.

मग आत्ताच ही पुस्तकं इतकी का वाढली? मला तीन कारणं दिसतात. पहिलं म्हणजे मोबाइल. कॅसेटच्या काळात तासाभराला एक कॅसेट लागायची. हजार पानांची कादंबरी म्हणजे एक खोकं झालं असतं. आता तीच कादंबरी खिशात मावते. दुसरं, २०१६ नंतर मोबाइलवरचं इंटरनेट एकदम स्वस्त झालं. आणि तिसरं, बाजाराला याचा वास लागला. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी २०१७ च्या अखेरीला भारतात आली, तेव्हा तिनं इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीही हाती घेतली. पुढच्या वर्षी ऑडिबलनं भारतात दुकान मांडलं. पुण्या-मुंबईत मराठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणारे लहान स्टुडिओ निघाले. नाटकातली, आकाशवाणीवरची मंडळी तिथं पुस्तकं वाचू लागली.

ऐकणारे कोण, याचा शोध मी माझ्यापुरता घेतला. डोंबिवलीहून रोज लोकलनं जाणारी माझी एक विद्यार्थिनी उभ्यानं प्रवास करते. एक हात कडीला, दुसरा पर्सवर. ती पुस्तक उघडणार कशानं? तिनं गेल्या वर्षी नऊ पुस्तकं ऐकली. आमच्या कॉलनीतले एक आजोबा सकाळी फिरताना ऐकतात. माझ्या मैत्रिणीची नात अमेरिकेत वाढली. तिला मराठी समजतं, मोडकंतोडकं बोलताही येतं, पण देवनागरी वाचता येत नाही. तिच्यासाठी मराठी पुस्तकाचं दार इतकी वर्षं बंदच होतं. ते कानाच्या बाजूनं उघडलं. या सगळ्यांच्या हातात पुस्तक नव्हतंच. त्यामुळं ऐकण्यानं त्यांचं वाचन बुडालं असं कसं म्हणू?

असो. तर मी माझं पुस्तक बोलतं करायचं ठरवलं आणि तिथून माझी खरी शाळा सुरू झाली.

आधी एका कंपनीकडं पुस्तक पाठवलं. त्यांना आवडलं. आठ हजार रुपये एकरकमी देऊ म्हणाले. मला आकाश ठेंगणं झालं! दिवाणातल्या पुस्तकांनी मला आठ वेळा शंभर रुपयेही एकगठ्ठा दिले नव्हते. कराराचा कागद आला. सहा पानं, बारीक टाइप. मी सही करायला पेन काढलं. सहज म्हणून आमच्या यजमानांच्या वकील मित्राला दाखवला. ते म्हणाले, ‘‘वहिनी, तुम्ही यात तुमचं पुस्तक वाचायला देत नाही, विकून टाकताय.’’ त्यात लिहिलं होतं, की पुस्तकाचे ध्वनीचे, चित्रपटाचे, भाषांतराचे आणि पुढं निघणाऱ्या प्रत्येक माध्यमाचे हक्क, जगभरासाठी, कायमचे त्यांचे.

स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकांनी माझं एवढं ऐकावं. कॉपीराइट कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात लेखकाच्या बाजूच्या काही चांगल्या तरतुदी आहेत. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मानधनावर, हे त्यात यावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. पण ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ असं लिहिलेल्या कागदावर आपणच सही केली, तर कायदा तरी काय करणार? २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक गोष्ट आली. करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यवहारात आलेलं नव्हतं, त्याचा करारात नाव घेऊन उल्लेख नसेल, तर ते हक्क दिले गेले असं मानायचं नाही. तेव्हा ज्यांची पुस्तकं दुसऱ्या प्रकाशकांकडं आहेत त्यांनी आपले कागद एकदा बाहेर काढावेत आणि जाणकाराला दाखवावेत.

मी त्या कंपनीला कळवलं, की फक्त ध्वनीचे हक्क देते आणि पाच वर्षांसाठी देते. चार महिने उत्तर आलं नाही. मग फोन आला, की सध्या नवीन पुस्तकं घेणं थांबवलं आहे. आठ हजार गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे कबूल करते. आपण उगाच ताठा दाखवला, असं वाटत राहिलं.

पुतण्या म्हणाला, ‘‘आत्या, तूच वाच. पस्तीस वर्षं वर्गात वाचत होतीस ना?’’

वर्गात वाचणं आणि माइकसमोर वाचणं यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलापर्यंत आवाज पोचवायचा असतो. इथं ऐकणारा कानाच्या आत बसलेला असतो. त्याच्यावर ओरडायचं नसतं. आमच्या घरात शांत जागा अशी एकच, गोदरेजच्या कपाटाची आणि भिंतीची मधली सांद. तिथं दोरीवर गोधड्या टांगल्या. पंखा बंद. दिवसा कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाला, शेजारच्यांचा कुत्रा. म्हणून रात्री साडेअकराला बसायचं. बांगड्या काढून ठेवायच्या. पान उलटल्याचा आवाज येतो म्हणून कागद सुटे करून घ्यायचे. रिकाम्या पोटाची गुरगुर माइकला ऐकू येते, भरल्या पोटाची ढेकर त्याहून जास्त ऐकू येते. तेव्हा बसण्याआधी अर्धी पोळी, हे माप मी शोधून काढलं. छापील एकशेसाठ पानांचं पुस्तक वाचून झालं साडेपाच तासांचं, आणि त्यासाठी सव्वीस रात्री लागल्या.

लेखिका म्हणून माझा माज त्या सव्वीस रात्रींत उतरला. कागदावर मला फार आवडणारी वाक्यं तोंडानं म्हणता येईनात. एक वाक्य तर साडेसात ओळींचं होतं. श्वास संपायचा, वाक्य संपायचं नाही. समीक्षकानं सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. फुप्फुसांशी वाद घालता येत नाही. मी वाक्यं तोडली. ‘नयनरम्य’, ‘विलोभनीय’ असे शब्द तोंडातून बाहेर पडताना मलाच लाजल्यासारखं झालं. ते काढून टाकले. आजीच्या तोंडची वाक्यं मी पुस्तकात शुद्ध करून घातली होती. वाचताना ती आजीची वाटेनात. ती परत तिच्या बोलीत नेली. नवीन लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे, ऑडिओबुक काढा अथवा काढू नका, पण छापण्याआधी आपलं पुस्तक एकदा संपूर्ण मोठ्यानं वाचा. खर्च काही नाही.

आणि मग ती गोष्ट झाली, जिच्यासाठी मी आज मुद्दाम आले आहे.

माझी मावशी रायगड जिल्ह्यात राहते. धरणाचं पाणी चढलं तेव्हा ती वीस-एकवीस वर्षांची होती. नुकतं लग्न झालेलं. तिचं सासरही त्याच खोऱ्यातलं. सामान बैलगाडीवर घालून आणि चूल मोडून ती माणसं घाट उतरून कोकणात गेली. मावशीनं शाळेचं तोंड पाहिलं नाही. आता काचबिंदूनं तिची दोन्ही डोळ्यांची नजर गेली आहे. माझ्या पुस्तकाची पहिली प्रत मी तिला दिली होती. तिनं ती कपाळाला लावली आणि देव्हाऱ्यात ठेवली. पाच वर्षं ती तिथं होती. हळद-कुंकवाची बोटं लागून मुखपृष्ठ लाल झालं होतं. ज्या माणसांवर मी पुस्तक लिहिलं, त्यांच्यापैकी जिवंत असलेली ती शेवटची. आणि मी काय लिहिलंय, हे तिला ठाऊक नव्हतं! मी शिक्षिका, पण मला हे कधी खुपलं नाही. पुस्तक देवाजवळ ठेवलंय म्हणजे त्याचा मान झाला, एवढ्यावर मी खूश होते.

ध्वनिमुद्रण पुरं झाल्यावर मी तिच्याकडं गेले. तिच्या नातवाच्या फोनवर पुस्तक लावलं. ती भिंतीला टेकून बसली होती. पहिली पंधरा मिनिटं काही बोलली नाही. मला वाटलं, झोप लागली. गावातल्या देवळाचं वर्णन आलं. देवळापुढच्या पिंपळाखाली बायका पाण्याला जाताना टेकायच्या, असं मी लिहिलं होतं. मावशी एकदम ताठ बसली.

‘‘थांबीव ते,’’ म्हणाली. ‘‘पिंपळ न्हवं गं पोरी. उंबर हुता, उंबर. त्याची फळं पडायची अन् पायाला चिकटायची. तुझ्या आईनं सांगितलं न्हाई?’’

आईनं सांगितलंही असेल. माझ्या डोक्यात देऊळ म्हटलं की पिंपळ, असं काहीतरी बसलेलं असणार. पाचशे प्रती छापल्या, दोन मुद्रितं तपासली, समारंभात तीन वक्ते बोलले. त्या झाडाची चूक कुणाला कळणार? ज्यांना कळली असती त्यांना वाचता येत नव्हतं.

मग आम्ही चार दिवस तेच केलं. मी लावायची, ती थांबवायची. सतरा ठिकाणी तिनं मला दुरुस्त केलं. एका बाईचं नाव, ओढ्याची दिशा, जत्रेचा महिना. काही ठिकाणी ती भांडली. एक प्रसंग ऐकून खूप रडली आणि तो परत लाव म्हणाली. शेवटच्या दिवशी शेजारच्या चार म्हाताऱ्या येऊन बसल्या. त्याही तिकडच्याच. फोन मधे स्टुलावर ठेवला होता. मला आमच्या श्रावणातली पोथी आठवली.

घरी येऊन मी ती सतरा ठिकाणं पुन्हा वाचली, पुन्हा मुद्रित केली. मग पुण्यातल्या एका लहान गटानं, फक्त ध्वनीच्या हक्कांवर आणि पाच वर्षांच्या करारानं, ते पुस्तक प्रसिद्ध केलं.

श्रोतेहो, पैशांचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर एखादा माझ्यासारखा निवृत्त माणूस उद्याच माइक आणायला धावेल. वर्गणीच्या पद्धतीत पुस्तक किती वेळ ऐकलं गेलं त्यावर लेखकाचा वाटा ठरतो. पहिल्या वर्षी मला जे मिळालं त्यात माइकचेसुद्धा पैसे वसूल झाले नाहीत. पण पाच वर्षांत जेवढी माणसं माझ्या छापील पुस्तकापर्यंत आली त्याहून जास्त पहिल्या आठ महिन्यांत ऐकायला आली. ऐकून झाल्यावर काहींनी छापील प्रत मागवली. दिवाण थोडा हलका झाला आहे.

आता माझं जे मत बदललेलं नाही, तेही सांगते. ऐकणं म्हणजे वाचणंच, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत २०१६ साली एक प्रयोग झाला. काही लोकांना पुस्तकाचा भाग वाचायला दिला, काहींना ऐकवला, काहींना दोन्ही एकदम दिलं. समजण्यात आणि दोन आठवड्यांनी आठवण्यात फारसा फरक आढळला नाही. पण २०१० साली विद्यार्थ्यांवर झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात, धडा वाचणाऱ्यांपेक्षा तो ऐकणारे परीक्षेत मागं पडले. मला दोन्ही खरं वाटतं. गोष्ट कानाला गोड लागते. अभ्यासाच्या पुस्तकात मात्र बोट ठेवून मागं जावं लागतं, समासात खूण करावी लागते. आणि ज्या मुलाला अजून वाचायला यायचं आहे त्याच्या हातातून पुस्तक काढून कानात गोष्ट घालू नका. गोष्ट ऐकवाच, पण पुस्तक समोर उघडं ठेवून.

दुसरी काळजी यंत्राच्या आवाजाची. आता संगणक पुस्तक वाचून दाखवतो. इंग्रजीत तर मोठ्या कंपन्यांनी २०२३ पासून अशा आवाजातली पुस्तकं विकायलाही काढली. ज्या लेखकाकडं पैसे नाहीत त्याला हा मोह होणारच. दृष्टिहीन माणसाला काहीच ऐकायला न मिळण्यापेक्षा यंत्राचा आवाज बरा, हेही मला मान्य आहे. पण मराठीचं एक दुखणं आहे. ‘या जगात धीरानं जग’ असं मी लिहिलं, तर दोन्ही ‘जग’ कागदावर सारखेच दिसतात. मराठी माणूस मात्र ते दोन तऱ्हांनी म्हणतो. ‘चार गाईंना चारा घाल’ यातले दोन ‘चा’ वेगळे आहेत. हे लेखनात कुठंच दाखवलेलं नसतं. आईच्या तोंडून आलेलं असतं. यंत्र उद्या हेही शिकेल कदाचित. पण पिंपळ वाचताना अडखळणार नाही आणि चार दिवस मावशीपुढं बसणार नाही.

आणि तिसरी गोष्ट आपल्या सवयीची. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांचं लेखन आता सर्वांचं आहे, कुणीही वाचून मुद्रित करावं. पण हयात लेखकाची कादंबरी परवानगीशिवाय वाचून इंटरनेटवर टाकायची आणि वर ‘साहित्यसेवा’ म्हणायचं, हे बरं नव्हे. चहाच्या दोन कपांच्या पैशांत महिनाभर पुस्तकं ऐकायला मिळाली नाहीत तरी, महिन्याला एका सिनेमाच्या तिकिटाएवढी वर्गणी आपल्यापैकी अनेकांना परवडते. ती भरावी.

शेवटी एक विनंती. आपल्या घरात ज्यांची नजर अधू झाली आहे, किंवा ज्यांना कधी अक्षरओळखच झाली नाही, अशा वडीलधाऱ्यांना फोन नुसता हातात देऊ नका. त्यांना तो लावता येत नाही आणि ते मागतही नाहीत. एखादं पुस्तक लावून द्या आणि पहिली दहा मिनिटं शेजारी बसा. ते मध्येच ‘थांबीव ते’ म्हणाले, तर थांबवा आणि ऐका.

माझ्या छापील पुस्तकाच्या एकशेबारा प्रती आज दिवाणात उरल्या आहेत. आवाज पुन्हा मुद्रित करता येतो, छापलेलं पान बदलता येत नाही. म्हणून कुणाला प्रत द्यायची झाली, की मी आधी त्रेचाळिसावं पान काढते, पेनानं ‘पिंपळ’ खोडते आणि वर ‘उंबर’ लिहिते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)